एकाच घाटाची जकात : सामन्यांचे प्रक्षेपण हक्क आणि प्रेक्षक

20 नोव्हेंबर 2022, रविवार. न्यूझीलंडमधील माउंट माँगानुई येथे सूर्यकुमार यादवने 51 चेंडूंत नाबाद 111 धावा कुटल्या आणि भारताने तो ट्वेंटी-20 सामना 65 धावांनी जिंकला. आपल्याकडे तेव्हा दुपार होती. नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याच्या शेजारी असलेल्या घाटघरमध्ये ज्या घराच्या पत्र्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री असेल, त्या घराला हा सामना एक पैसा न मोजता पाहता येत होता. तालुक्याच्या गावी, जुन्नरमध्ये, दरमहा केबलचे बिल भरून खेळांच्या साऱ्या वाहिन्यांचा पॅक घेतलेल्या घराला मात्र तो टीव्हीवर सापडत नव्हता. मालिकेचे भारतातील हक्क ॲमेझॉन प्राइम व्हिडिओकडे होते. एकाही खासगी क्रीडावाहिनीकडे ते नव्हते. दूरदर्शनकडे चित्र होते, पण ते केबलवर चढवायला मनाई होती.

फुकट पाहणाऱ्याला सामना आणि इमानेइतबारे बिल भरणाऱ्याला ठेंगा, असा हा प्रकार. तो कोणी ठरवून केलेला नाही. तीस वर्षांतले करार, खटले, एक वटहुकूम आणि एक कायदा यांचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यातून तो तयार झाला. हे थर उकलले की एक गोष्ट दिसते. आपल्याकडे सारा वाद सामना कोणाच्या मालकीचा यावर झाला. तो घरात कोणत्या वाटेने शिरतो याकडे कायद्याने अर्धेच लक्ष दिले. प्रेक्षकाचे नुकसान होते ते या उरलेल्या अर्ध्यात.

लिलावात नेमके काय विकले जाते

सामना मैदानात एकदाच होतो. त्याचे चित्र एका घरात गेले म्हणून शेजारच्या घरातले कमी होत नाही, आणि उपग्रहावरून लाख घरांना दाखवायचा खर्च दहा लाखांना दाखवल्याने फारसा वाढत नाही. अशा वस्तूची किंमत खरे तर घसरत घसरत शून्याजवळ यायला हवी. ती येत नाही, कारण क्रिकेट मंडळ वाहिनीला चित्राबरोबर आणखी एक गोष्ट विकते : हे चित्र दुसऱ्या कोणाला दाखवता येणार नाही, याची हमी. बोलीतला मोठा वाटा या हमीचा असतो.

नाणेघाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, जकातीचे गणित तिथे उभे राहिल्यावर चांगले कळते. कोकणातून जुन्नरला चढायला माळशेजची वाट आहे, दाऱ्या घाट आहे. एका घाटावर जकात बेसुमार वाढली, तर तांडे दुसऱ्या घाटाने चढतील. म्हणून जकातीचा ठेकेदार सर्वांत जास्त पैसे कशासाठी मोजेल, तर बाकीचे घाट बंद राहावेत यासाठी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराबद्दल जवळजवळ हेच लिहिले आहे : तिथे येऊन लागलेली ग्रीक जहाजे पहारा देऊन भरूचला नेली जात. एकाधिकाराचा करार हा असा पहारा असतो.

पहारा फायद्याचा ठरायला एक अट लागते. गिऱ्हाइकाला त्या मालाऐवजी दुसरा माल चालता कामा नये. भारत खेळत असताना कोणी दुसऱ्या दोन देशांचा सामना लावून समाधान मानत नाही. चाहत्याची निष्ठा हीच ठेकेदाराची तारण मालमत्ता, आणि ती जितकी घट्ट तितकी बोली मोठी. जून 2022 च्या लिलावात आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क एकूण 48,390 कोटी रुपयांना गेले. त्यांत भारतातील टीव्हीचे हक्क 23,575 कोटींना डिस्ने स्टारने घेतले आणि डिजिटलचे 20,500 कोटींना व्हायाकॉम 18 ने. ऑगस्ट 2023 मध्ये भारताच्या मायदेशातील 88 सामन्यांचे हक्क व्हायाकॉम 18 ने 5,963 कोटींना घेतले. म्हणजे एका सामन्यामागे सुमारे 67 कोटी 76 लाख.

एवढे पैसे वसूल होतात ते दोनच वाटांनी, जाहिरात आणि वर्गणी. या दोन वाटा एकमेकींच्या उलट दिशेने ओढतात. जाहिरातदाराला दारे सताड उघडी हवी असतात. वर्गणी गोळा करायची तर दार लावून घ्यावे लागते. कोणत्या वर्षी कोणती ओढ जिंकली, यावर प्रेक्षकाचे नशीब ठरते. 2023 मध्ये जिओ सिनेमाने आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवली, तीही मराठीसह बारा भाषांत. फुकट दाखवण्यात औदार्य नव्हते. समोर टीव्हीचे हक्क घेतलेला प्रतिस्पर्धी होता आणि त्याचे प्रेक्षक ओढायचे होते. नोव्हेंबर 2024 मध्ये हे दोन्ही प्रतिस्पर्धी एका कंपनीत विलीन झाले. मंडळाने मुद्दाम वेगळे करून विकलेले टीव्हीचे आणि डिजिटलचे हक्क अडीच वर्षांत एकाच छपराखाली आले. फेब्रुवारी 2025 मध्ये जिओ हॉटस्टार सुरू झाले आणि त्या हंगामात पूर्ण सामना पाहायला वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज लागू लागला. दुसरा घाट बंद झाल्यावर जकात परत येते, ती अशी.

सरकारी ठेका आणि तो मोडणारा निकाल

फक्त दूरदर्शन होते तेव्हा सारे आबादीआबाद होते, असे आठवणारे पुष्कळ भेटतात. ती आठवण अर्धीच खरी. दूरदर्शनही एकाधिकारच होता. त्याची जकात पैशात नव्हती, एवढेच. ऐन रंगात आलेला डाव तोडून बातम्या लागत, ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी येई, आणि तक्रार करायला दुसरी वाहिनी नसे. मंडळाला प्रक्षेपणाचे पैसे मिळणे दूरच, नव्वदीच्या सुरुवातीला सामना दाखवण्यासाठी दूरदर्शनच मंडळाकडे पैसे मागत होते.

वाद पेटला तो 1993 च्या हिरो कपमध्ये. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. सरकारने 1885 च्या तार कायद्याकडे बोट दाखवले : देशातून संदेश पाठवण्याचा अधिकार फक्त आमचा. कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्सने अडवली, प्रकरण कोलकात्याच्या आणि मग दिल्लीच्या न्यायालयात धावले. 24 नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर सचिन तेंडुलकरने टाकलेले शेवटचे षटक आज सगळ्यांना आठवते. ते घरोघरी दिसावे म्हणून किती वकील राबले, ते कोणाला आठवत नाही.

9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांचे खंडपीठ होते. मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेल्या सावंतांनी मुख्य निकालपत्र लिहिले. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची मिरास नाही आणि त्यांचे नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेने करावे, हे त्याचे सार. त्याहून महत्त्वाचे वाक्य जीवन रेड्डींच्या स्वतंत्र निकालपत्रात आहे, आणि ते फार कमी वेळा आठवले जाते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने श्रोत्याचा आणि प्रेक्षकाचा हक्क सर्वांत वरचा आहे, प्रक्षेपकाचा नव्हे. आणि प्रक्षेपणातला एकाधिकार सरकारचा असो की दुसऱ्या कोणाचा, तो या हक्काशी विसंगत आहे, असे त्यांनी लिहिले होते.

निकालाचा पहिला भाग अमलात आला. दूरदर्शनचा ठेका मोडला, खासगी वाहिन्यांना रान मोकळे झाले. ‘दुसऱ्या कोणाचा’ हे शब्द मात्र कागदावर राहिले. सरकारचा घाट उठला आणि तिथे लिलावाचा घाट बसला.

2007 : नागपूर आणि बॉस्टन

निंबस या कंपनीने 2006 मध्ये भारतीय क्रिकेटचे चार वर्षांचे हक्क 61 कोटी 20 लाख डॉलरना घेतले आणि आपली निओ स्पोर्ट्स ही वाहिनी काढली. जानेवारी 2007 मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला. पहिला एकदिवसीय सामना 21 तारखेला नागपुरात झाला. निंबसने थेट चित्र दूरदर्शनला द्यायला नकार दिला आणि ज्या घरात निओ लागत नव्हते, त्या घराला नागपूरचा सामना दिसला नाही. विदर्भातल्या ज्या खेड्यातून मैदान एसटीने दोन तासांवर, त्या खेड्यालाही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने तडजोड सुचवली : दूरदर्शनला चित्र द्या, पण सात मिनिटे उशिरा. सात मिनिटांत षटक-दीड षटक होते. शेजारच्या घरातून ओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पँटला घासत असतो. उशिराने दिलेला थेट सामना ही वस्तू न्यायालयालाच सुचू शकते.

फेब्रुवारीत सरकारने वटहुकूम काढला आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित केलेल्या सामन्यांचे थेट चित्र, जाहिराती वगळून, हक्कधारकाने दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचे, दूरदर्शनने त्यावर मिळवलेल्या जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान 75 टक्के वाटा हक्कधारकाला आणि 25 टक्के प्रसार भारतीला, रेडिओवर निम्मे-निम्मे. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि ट्वेंटी-20 सामने या यादीत बसतात. आयपीएल बसत नाही.

योगायोग असा की त्याच दोन-तीन महिन्यांत अमेरिकेत बेसबॉलवरून तसाच गदारोळ चालू होता. तिथे स्थानिक संघाचे सामने स्थानिक वाहिनीवर दिसतात. गाव सोडून दूर गेलेल्या चाहत्यासाठी ‘एक्स्ट्रा इनिंग्ज’ नावाचा वर्गणीचा पॅक होता आणि तो केबलवर, तसेच दोन्ही उपग्रह सेवांवर मिळे. 2007 च्या आरंभी मेजर लीग बेसबॉलने तो सात वर्षांसाठी एकट्या डायरेक्टीव्हीला देण्याचे ठरवले; किंमत 70 कोटी डॉलर सांगितली जात होती. बॉस्टनच्या रेड सॉक्सचा जो चाहता नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जाऊन केबलवर सामने पाहत होता, त्याने आता केबल तोडून छत्री बसवावी, असा याचा अर्थ. भाड्याच्या फ्लॅटमध्ये छत्री लावायची कुठे? मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉन केरी यांनी आवाज उठवला, सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, आणि हंगाम सुरू होता होता लीगने केबल कंपन्यांशीही करार केला. डिश नेटवर्कचे ग्राहक मात्र बाहेरच राहिले. केबलवाल्यांना पॅक मिळाला तो बेसबॉलची स्वतःची नवी वाहिनी दाखवायचे कबूल केल्यावर; ती 2009 मध्ये सुरू झाली. म्हणजे चाहत्यांच्या संतापाचाही सौदा झाला.

दोन्ही देशांची तुलना मला इथे उपयोगी वाटते. भारतात अडथळा वाहिनीचा होता : चित्र निओकडे, दूरदर्शनकडे नाही. अमेरिकेत अडथळा वाटेचा होता : तोच पॅक छत्रीवर येईल, तारेवर नाही. वाटेचा अडथळा जास्त वाईट, कारण वाहिनी बदलायला रिमोट पुरतो, वाट बदलायला घराचे छप्पर लागते. अमेरिकेने यातून फारसे शिकून घेतले नाही. 2014 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने 25 वर्षांच्या आणि 8.35 अब्ज डॉलरच्या कराराने आपले सामने एका नव्या वाहिनीकडे नेले. तिचा दर बाकीच्या केबल आणि उपग्रह कंपन्यांना परवडेना, आणि शहरातल्या बहुसंख्य घरांतून डॉजर्स गायब झाले. समालोचक व्हिन स्कली यांची शेवटची वर्षे त्यांच्याच शहरातल्या लाखो लोकांना ऐकता आली नाहीत. 2016 मध्ये निवृत्तीपूर्वीचे शेवटचे सहा सामने तेवढे खुल्या वाहिनीवर दाखवले गेले. कोंडी फुटायला 2020 उजाडले.

2017 चा निकाल आणि पत्र्यावरची छत्री

भारताचा कायदा वाहिनीचा अडथळा दूर करण्यासाठी लिहिला गेला होता. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे प्रत्येक केबलवाल्याला दुसऱ्या एका कायद्याने सक्तीचे आहे. त्यामुळे प्रसार भारतीला मिळालेले चित्र आपोआप केबलवर जाऊ लागले. मग पैसे भरून तेव्हाच्या हक्कधारक स्टारची वाहिनी कोण घेणार? मंडळ आणि स्टार न्यायालयात गेले. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला : प्रसार भारतीने हे चित्र स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि स्वतःच्या डीटीएच सेवेवरून दाखवावे, केबलवाल्यांकडे जाऊ देऊ नये.

कायद्याच्या कलमाचा अर्थ लावताना न्यायालय चुकले असे म्हणता येणार नाही. कायद्याचा हेतू ज्यांना वर्गणी परवडत नाही त्यांच्यापर्यंत सामना पोचवणे हा आहे. केबलचे बिल भरणारा त्यात मोडत नाही. तर्क सरळ आहे, पण त्यात एक गृहीतक दडले आहे : केबल घेणाऱ्याला खेळाची वाहिनीही परवडते आणि ती त्याला मिळते. फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या नियमांनी वाहिन्या सुट्या विकत घेता येऊ लागल्या. तेव्हा मूळ 130 रुपये अधिक जीएसटी आणि वर प्रत्येक सशुल्क वाहिनीचे वेगळे. खेळाची मुख्य वाहिनी 19 रुपयांना होती. एक वाहिनी परवडते. पण मायदेशातले सामने एकाकडे, विश्वचषक दुसऱ्याकडे, इंग्लंडचा दौरा तिसऱ्याकडे आणि न्यूझीलंडचा एका ॲपवर, असे झाले की हिशेब सुटतो. नोव्हेंबर 2022 मध्ये तर पैसे द्यायला खासगी वाहिनीच शिल्लक नव्हती.

घाटघरच्या बाजूने पाहू. सह्याद्रीच्या कडेवरच्या गावात जमिनीवरच्या प्रक्षेपकाचे चित्र डोंगर अडवतात, आणि हे प्रक्षेपकही आता बहुतेक बंद झाले आहेत. विखुरलेल्या वाड्यांपर्यंत केबलची तार ओढणे कोणाला परवडत नाही. उरते छत्री. एकदाच दीड-दोन हजारांच्या आसपास खर्च, मग महिन्याचे काही नाही. आग्नेयेच्या आकाशाकडे तोंड करून ती पत्र्याला बोल्टने आवळायची, आणि बॉक्सवरचा सिग्नलचा पट्टा भरेपर्यंत एकाने वर छत्री हलवायची, दुसऱ्याने खालून ‘आलं’, ‘गेलं’ ओरडायचे. ऑक्टोबर ते मार्चच्या सामन्यांना ही व्यवस्था झकास चालते. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो तेव्हा या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. आधी चित्राचे चौकोन होतात, मग पडदा कोरा. खासगी कंपनीची सशुल्क छत्रीही याच पट्ट्यातल्या लहरींवर चालते, तेव्हा पाऊस तरी भेदभाव करत नाही.

मोबाइलचा पर्याय शहरातून सोपा वाटतो. चांगल्या दर्जाचे चित्र ठेवले तर दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा एका डावात संपू शकतो, आणि रेंजसाठी घराबाहेरच्या टेकाडावर जावे लागत असेल तर तिथे ना घर बसते ना शेजार. सामना सामूहिकपणे पाहण्याची वस्तू आहे, हे ॲपच्या दरपत्रकात कुठे येत नाही.

नुकसान कोणाचे, आणि केव्हा दिसते

हक्कांच्या महाग लिलावाचा लगेच दिसणारा परिणाम म्हणजे खेळाकडे आलेला पैसा. तो नाकारणे खोटेपणाचे होईल. रणजीतल्या खेळाडूच्या मानधनात आणि जिल्ह्याच्या मैदानात त्यातला काही भाग पोचतो. तोटा उशिरा दिसतो, कारण तो आजच्या चाहत्याचा नसतोच. आजचा चाहता कसेही करून पाहतो : शेजाऱ्याकडे जातो, मेहुण्याचा पासवर्ड मागतो. तोटा होतो तो चाहता व्हायच्या आतच ज्याच्यासमोरून खेळ हलवला गेला, त्या दहा वर्षांच्या मुलाचा.

इंग्लंडचा दाखला इथे बोलका आहे. 2005 ची ॲशेस मालिका चॅनल 4 या खुल्या वाहिनीवर होती. ऐन रंगात 84 लाख लोक पाहत होते. पुढच्या वर्षापासून इंग्लंडचे मायदेशातील क्रिकेट सशुल्क स्कायवर गेले. 2009 ची ॲशेसही इंग्लंडने जिंकली, पण प्रेक्षकांचा कळस 20 लाखांच्या आतच राहिला. मंडळाची तिजोरी भरली आणि मुलांना क्रिकेटपटूंची नावे सांगता येईनात, याची चिंता तिथे वर्षानुवर्षे चालू आहे. 2019 चा विश्वचषकाचा अंतिम सामना स्कायने चॅनल 4 लाही दाखवू दिला, तो इंग्लंड अंतिम फेरीत पोचल्यामुळे.

आपल्याकडे हे चित्र धूसर आहे, कारण 2007 च्या कायद्याने फ्री डिशची खिडकी उघडी ठेवली. पण मुलांच्या तोंडी असलेला खेळ आता भारताच्या सामन्यांइतकाच आयपीएलचा आहे, आणि ती त्या खिडकीबाहेर आहे. ‘राष्ट्रीय महत्त्व’ राष्ट्राच्या संघाला असते, फ्रँचायझीला कसे, हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. एप्रिल-मेच्या संध्याकाळी देशातल्या बहुतेक घरांत काय लागलेले असते, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

2017 च्या निकालानंतर माहिती व नभोवाणी मंत्रालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला होता : प्रसार भारतीला मिळालेले चित्र केबल आणि खासगी डीटीएचवरही जावे. त्याचा कायदा झाला नाही. हक्कधारकांचा विरोध उघड आणि समजण्यासारखा होता. वर्गणीचा धंदा बुडेल आणि पुढच्या लिलावात बोली पडेल. माझ्या मते बोली थोडी पडू द्यावी. यादीतल्या सामन्यांपुरते केबलचे दार उघडावे, दूरदर्शनच्या जाहिरातींतला हक्कधारकाचा वाटा हवा तर 75 वरून वाढवावा, आणि आयपीएलचे निदान बाद फेरीचे सामने यादीत घ्यावेत. अंतिम सामना धरून ते चारच असतात. 74 सामन्यांच्या हंगामात चार.